रोप घेण्यापूर्वीचे एक वर्ष

आषाढाची चाहूल लागली की आपल्या घरोघरी निमंत्रणपत्रिका येऊ लागतात. चातुर्मास प्रवेश, तपश्चर्येचे कार्यक्रम, पाठशाळेचे नवे वर्ग. आणि त्यांच्या जोडीला गेल्या काही वर्षांपासून एक ओळ हमखास असते, 'संघाच्या वतीने वृक्षारोपण'. ही ओळ वाचली की मला आमच्या भवनामागील मोकळ्या जागेची आठवण होते.

चार वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावी संघाने त्या जागेत ६० रोपे लावली. मंडप घातला होता, बालकांनी गीत म्हटले, प्रत्येक दात्याच्या हस्ते एकेक रोप लागले आणि त्यापुढे नावाची पाटी उभी राहिली. पुढच्या अक्षय तृतीयेला वर्षीतपाच्या पारण्याची व्यवस्था पाहण्यासाठी आम्ही त्या जागेत गेलो, तेव्हा ११ रोपे जिवंत होती. उरलेल्या ठिकाणी पाट्या मात्र शाबूत होत्या. कोणाच्या आजोबांचे पुण्यस्मरण, कोणाच्या मातोश्रींचे नाव, आणि त्यामागे एक वाळलेली काडी. एक वृद्ध श्राविका आपल्या दिवंगत पतीच्या नावाच्या पाटीपुढे काही क्षण उभ्या राहिल्या आणि काहीही न बोलता पुढे निघून गेल्या. ते मौन आम्हा सर्वांना फार लागले.

त्या वर्षीचा हिशेब तपासण्याचे काम माझ्याकडे होते. वहीत रोपांचे बिल होते, मंडपाचे होते, पाट्यांचे होते, अल्पोपाहाराचे होते. पाण्याचे एकही बिल नव्हते. माळ्याच्या नावे एक पैसाही खर्ची पडलेला नव्हता. आपण व्यापारी माणसे. वही काय सांगते ते आपल्याला वेगळे समजावून द्यावे लागत नाही. झाडे जगवण्याचा विचार आम्ही केलाच नव्हता. आम्ही फक्त ती लावण्याचा विचार केला होता.

बैठकीत बराच खल झाला. कोणी रोपे पुरवणाऱ्याला बोल लावला, कोणी पावसाला. अखेर असे ठरले की पुन्हा एक रोप विकत घेण्यापूर्वी रोपे जेथे तयार होतात ती जागा प्रत्यक्ष पाहून यावी. त्या भेटीतून आणि त्यानंतरच्या अनुभवातून जे हाती आले ते येथे मांडत आहे. ज्यांच्या संघाकडे, शाळेकडे, धर्मशाळेकडे किंवा सोसायटीकडे थोडी मोकळी जागा आहे, त्यांना ते उपयोगी पडेल असे वाटते.

सोलापूर रस्त्यावरची हिरवी पेठ

पुण्याहून सोलापूरकडे निघालो की हडपसर, मांजरी, लोणी काळभोर मागे पडते आणि सोरतापवाडीपासून उरुळी कांचनपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना रोपवाटिका दिसू लागतात. ज्या उरुळी कांचन गावात महात्मा गांधींनी १९४६ साली निसर्गोपचाराचे काम सुरू केले, तेच हे गाव; पुण्याहून सुमारे ३० किलोमीटरवर. आज रोपे घ्यायची म्हटली की महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांतील लोकांच्या तोंडी या पट्ट्याचे नाव येते.

पेठ एखाद्या जागी का वसते, हे आपल्या पूर्वजांनी गावोगावी दुकाने मांडताना नेमके ओळखले होते. येथेही तोच न्याय आहे. खडकवासल्याहून निघणारा नवा मुठा उजवा कालवा याच भागातून पुढे दौंड-इंदापूरकडे जातो, त्यामुळे पाणी आहे. दारातून महामार्ग जातो, त्यामुळे माल भरणे सोपे. पुण्यासारखे वाढते शहर हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे गिऱ्हाईक आहे. फुलशेती आणि भाजीपाल्याचा जुना सराव असल्यामुळे हाताला कसब आहे.

या पेठेतला सगळा माल मात्र येथे तयार होत नाही, ही पहिली गोष्ट आम्हाला कळली. शोभेची झाडे आणि मोठी, तयार दिसणारी झाडे पुष्कळदा आंध्र प्रदेशातून, राजमहेंद्रीजवळच्या कडियम परिसरातून मालमोटारींनी येतात. कडियम हे देशातील रोपवाटिकांचे एक मोठे केंद्र आहे. तेथे गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातली गाळाची जमीन आणि दमट हवा आहे. तेथे वाढलेले झाड दोन-चार दिवसांत आपल्या पठारावरील मुरमाड जमिनीत आणि कोरड्या वाऱ्यात येऊन पडते. ते झाड वाईट नसते, पण त्याला येथील हवेची सवय होण्यासाठी काही आठवडे तरी रोपवाटिकेत थांबवावे लागते. मोटारीतून उतरवून त्याच दिवशी खड्ड्यात गेलेले झाड बऱ्याचदा पाने टाकते आणि आपण म्हणतो, जमीन चांगली नव्हती.

आम्ही ज्या रोपवाटिकेत गेलो तिचे मालक साठीच्या आसपासचे गृहस्थ. आम्ही सोबत आमच्या जागेतील एक वाळलेले रोप उपटून नेले होते. त्यांनी ते हातात घेतले, पाण्याच्या टाकीजवळ नेऊन मुळांवरची माती धुतली आणि आमच्यापुढे धरले. दोरीचे भेंडोळे असावे तशी मुळे एकाभोवती एक गुंडाळलेली होती.

"शेठ, हे रोप पिशवीतच म्हातारं झालं होतं," ते म्हणाले. "दोन वर्षं त्याच पिशवीत राहिलं असेल. मुळांना खाली जायला वाट मिळाली नाही, ती गोल फिरत राहिली. खड्ड्यात लावल्यावरही ती गोलच फिरली. वरून पाऊस होता तोवर तगलं. पाऊस गेला, खोल मूळ नाही, संपलं."

ही रोपे आम्हाला स्वस्त मिळाली होती. किंबहुना आम्हीच घासाघीस करून ती स्वस्त घेतली होती. मागील वर्षीचा न खपलेला माल कमी भावात विकला जातो, हे कापड-किराण्यात जन्म घालवलेल्या आम्हा मंडळींना रोपांच्या बाबतीत सुचले नाही, याचे आजही नवल वाटते.

बी ते रोप

बाहेरून रोपवाटिका म्हणजे पिशव्यांच्या रांगा दिसतात. त्यामागे एक काटेकोर पंचांग असते. प्रत्येक झाडाचे बी निराळ्या महिन्यात पक्व होते आणि प्रत्येक बियाचे आयुष्य निराळे असते.

कडुलिंबाच्या पिकल्या निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडावर पडतात. त्यांचा गर काढून त्या दोन-तीन आठवड्यांत पेरल्या तर उत्तम उगवतात. पुढे उगवण वेगाने घटते. मोहाचे आणि जांभळाचे बीही असेच अल्पायुषी. बहाव्याची गोष्ट याच्या उलट. त्याच्या शेंगेतले बी वर्षभर ठेवले तरी टिकते, पण त्याचे कवच इतके कठीण की कढत पाण्याची प्रक्रिया केल्याखेरीज पाणी आत शिरत नाही. करंजाचे टपोरे बी उन्हाळ्यात गोळा होते आणि सहज रुजते. वडा-पिंपळाचे बी मोहरीहून लहान. निसर्गात ते पाखरांच्या पोटातून जाऊन भिंतीच्या फटीत रुजते. म्हणूनच वडाचे रोप बहुधा फांदीच्या छाटापासून करतात.

बी रुजले की कोवळे रोप गादीवाफ्यातून पिशवीत येते. पिशवीत माती, कुजलेले शेणखत आणि वाळू किंवा पोयटा यांचे मिश्रण असते. पहिले काही आठवडे ते शेडनेटच्या सावलीत राहते, झारीने बेताचे पाणी घेते. नंतर त्याला हळूहळू उन्हात आणतात. पिशव्या अधूनमधून जागेवरून हलवाव्या लागतात, नाहीतर मुळे पिशवी भेदून खालच्या जमिनीत शिरतात. असे रोप उचलले की मूळ तुटते आणि ते मान टाकते. रोप गिऱ्हाइकाकडे जाण्यापूर्वी काही आठवडे त्याचे पाणी थोडे कमी करतात आणि त्याला पूर्ण उन्हात ठेवतात. याला रोप कणखर करणे म्हणतात. या शेवटच्या आठवड्यांत कुचराई झाली की सावलीत लाडावलेले रोप आपल्या उघड्या मैदानात पहिल्याच उघडिपीत कोमेजते.

सार्वजनिक जागेसाठी लागणारे चांगले देशी रोप, म्हणजे कंबरेइतके उंच आणि करंगळीएवढ्या जाडीच्या बुंध्याचे, तयार व्हायला बहुतेक जातींना एक ते दोन वर्षे लागतात. बकुळीसारख्या संथ झाडाला त्याहूनही अधिक. आम्ही जुलैमध्ये रोपे मागायला जातो, तेव्हा त्या रोपाचे नशीब वर्षभरापूर्वीच ठरलेले असते.

नाव एक, झाड दुसरे

आमची एक इच्छा होती. तीर्थंकरांना ज्या वृक्षांखाली केवलज्ञान झाले, त्यांतील आपल्या हवेत वाढतील असे काही वृक्ष या जागेत असावेत. चोवीस वृक्षांच्या याद्यांत परंपरेनुसार थोडाफार फरक आढळतो, परंतु काही नावे सर्वत्र समान आहेत. ऋषभदेवांचा वड, अजितनाथांचा सप्तपर्ण, विमलनाथांचा जांभूळ, अनंतनाथांचा पिंपळ, अरनाथांचा आंबा, मल्लिनाथांचा अशोक, मुनिसुव्रतांचा चंपक, नमिनाथांचा बकुळ आणि महावीरांचा शाल.

ही यादी घेऊन रोपवाटिकेत गेल्यावर कळले की नावावरून झाड मागणे पुरेसे नाही. अशोक म्हटले की आपल्याकडे सरळसोट, खांबासारखे वाढणारे, लांब लहरी पानांचे झाड पुढे येते. शाळांच्या कुंपणाला आणि बंगल्यांच्या दारी तेच असते. तो खरा अशोक नव्हे. त्याचे दुसरे नाव आसुपालव. खरा अशोक म्हणजे सीताअशोक. तो मध्यम उंचीचा, डेरेदार आणि खोडा-फांद्यांवर केशरी-लाल फुलांचे घोस धारण करणारा असतो. त्याला ओलावा आणि थोडी सावली प्रिय. रोप मागताना 'सीताअशोक' असे स्पष्ट म्हणावे लागते.

चंपकाचेही तेच. चाफा मागितला की मंदिरांच्या आवारात दिसणारा, जाड फांद्यांचा, पांढऱ्या फुलांचा चाफा मिळतो. तो मूळचा अमेरिका खंडातला. आपल्या ग्रंथांतील चंपक म्हणजे सोनचाफा. सोनचाफ्यातही कलमी झाड लवकर फुलते पण बेताचेच वाढते; बियांपासून वाढवलेले फुलायला वेळ घेते, परंतु मोठा वृक्ष होते. सावली हवी असेल तर बियांचे रोप मागावे.

शालवृक्षाचा आग्रह सर्वांचाच होता. येथे मालकांनी आम्हाला थांबवले. शाल हा मध्य आणि पूर्व भारताचा, तसेच हिमालयाच्या पायथ्याचा वृक्ष. छत्तीसगड, ओडिशा, झारखंड येथे त्याची अरण्ये आहेत. त्याचे बी झाडावरून पडल्यावर फारच थोडे दिवस जिवंत राहते, त्यामुळे दुरून बी आणून येथे रोप करणे कठीण, आणि आमच्या कोरड्या जागेत ते जगवणे त्याहून कठीण. "शाल म्हणून तुमच्या हाती कोणी काहीही देईल आणि तुम्हाला दहा वर्षं कळणार नाही," असे ते म्हणाले. एक विक्री हातची घालवून त्यांनी आम्हाला खरे सांगितले. व्यवहारातला हा सचोटीचा शब्द आम्हा सर्वांना भावला आणि पुढचा सौदा आम्ही त्यांच्याशीच करायचा हे तेथेच ठरले.

वड आणि पिंपळाविषयी त्यांनी दुसरी सूचना केली. या दोन्ही वृक्षांना भिंतीपासून, पाण्याच्या टाकीपासून आणि भूमिगत नळांपासून निदान ४० फूट दूर ठेवा. आज दोन फुटांचे रोप भिंतीजवळ शोभून दिसते. वीस वर्षांनी ते भिंत फोडते आणि मग ते तोडण्याची चर्चा सुरू होते. नागरी क्षेत्रात १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. कायद्याचे सोडा, पण आपणच लावलेल्या वृक्षावर आपणच कुऱ्हाड चालवावी लागणे ही गोष्ट आपल्याला पेलणारी नाही. जागा निवडताना पाच मिनिटे अधिक विचार केला तर हे टळते.

न मागितलेला माल

आम्ही मालकांना एक प्रश्न विचारला. रोपवाटिकेत गुलमोहर, सोनमोहर, रेन ट्री, पाम यांच्या लांबच लांब रांगा होत्या. देशी झाडांच्या रांगा आखूड का?

"तुम्ही मागत नाही म्हणून," ते म्हणाले. "जून उजाडला की संस्थावाले येतात. उंच पाहिजे, हिरवं पाहिजे, आठ दिवसांत पाहिजे, आणि भाव कमी पाहिजे. लवकर वाढणारंच झाड या चारही अटी पुऱ्या करतं. बकुळ मी दोन-तीन वर्षं सांभाळायची, तिची मजुरी, पाणी, जागा सगळं अडकवायचं, आणि घ्यायला कोण येईल याचा भरवसा नाही. तुमच्या दुकानात असा माल तुम्ही भराल का, शेठ?"

आमच्यापैकी कोणाजवळही उत्तर नव्हते. भांडवल अडकणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोण जाणतो? गुलमोहर मूळचा मादागास्करचा, रेन ट्री मध्य व दक्षिण अमेरिकेतला, सोनमोहर आग्नेय आशियातला. ही झाडे दुष्ट नाहीत. त्यांच्या सावलीत आपण वाढलो आहोत. परंतु गुलमोहराचे लाकूड ठिसूळ असते आणि वादळात तो सहज मोडतो, हे प्रत्येक शहराने अनुभवले आहे. काही झाडांचा अनुभव त्याहून कटू आहे. झपाट्याने वाढणारे आणि बारमाही हिरवे म्हणून रस्त्यांच्या कडेने लावलेले कोनोकार्पस हे झाड आरोग्य आणि पर्यावरण यांना बाधक ठरते, या कारणास्तव गुजरात राज्याने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. वर्षानुवर्षे रोपवाटिकांनी ते पुरवले, कारण वर्षानुवर्षे गिऱ्हाइकांनी ते मागितले.

मोठी उद्दिष्टे जाहीर झाली की रोपवाटिकांवर किती ताण येतो, हेही या पट्ट्याने पाहिले आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली २ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प केला आणि पुढील तीन वर्षांत तो अनुक्रमे ४, १३ आणि ३३ कोटींवर नेला. इतकी रोपे हवी असतील तर त्यांचे बी आदल्या वर्षीच, किंबहुना त्याच्याही आधी, पिशवीत पडावे लागते. लहान संघाच्या ४० रोपांनाही हाच नियम लागू आहे.

उपाय सोपा होता आणि आपल्या परिचयाचाही. आगाऊ मागणी आणि विसार. आम्ही जुलै महिन्यातच पुढील वर्षाच्या जूनसाठी यादी दिली, जातवार संख्या लिहून दिली आणि ठरल्या रकमेचा एक भाग आगाऊ दिला. अटी दोनच घातल्या: रोप त्या वर्षी भरलेल्या ताज्या पिशवीतले असावे आणि उचलण्यापूर्वी आम्ही येऊन काही रोपांची मुळे पाहू. मालक म्हणाले, "असा विसार घेऊन येणारे वर्षाला चार लोक आले, तर मी रांगाच बदलून टाकीन."

हे वाक्य मला या साऱ्या खटाटोपाचे सार वाटते. एका गावचा संघ एक-दोन रांगा बदलू शकतो. एका जिल्ह्यातील दहा संघ, पाच शाळा आणि दोन पांजरपोळ यांनी मिळून एकाच रोपवाटिकेकडे वर्षभर आधी मागणी नोंदवली, तर त्या जिल्ह्यात पुढील पन्नास वर्षे कोणती सावली असेल ते ठरू शकते. शासनाच्या सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकांतूनही संस्थांना रोपे मिळतात. तेथेही वेळेवर दिलेल्या मागणीपत्राला महत्त्व आहे.

पिशवी हातात घेताना

रोपे उचलण्याच्या दिवशी काय पाहावे, ते थोडक्यात सांगतो. उंचीला भुलू नये. दाटीवाटीने वाढलेले रोप उजेडाच्या शोधात उंच जाते, पण त्याचा बुंधा काडीसारखा राहतो. काठीचा आधार काढला की ते वाकते. बुंधा जाड आणि रोप स्वतःच्या बळावर उभे राहणारे असावे. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर आले असेल तर ते रोप जुने आहे. दर पन्नास रोपांमागे एक पिशवी उघडून पाहण्याची परवानगी मागावी. प्रामाणिक मालक ती देतो. बुंध्याजवळ माती खचलेली नसावी, पाने विरळ पण तजेलदार असावीत.

खड्डे एप्रिल-मेमध्येच घ्यावेत, म्हणजे माती तापते. आमच्या मुरमाड जागेत आम्ही तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे घेतले आणि ते तलावातील गाळ व मुरलेले शेणखत मिसळून भरले. दोन चांगले पाऊस होऊन जमीन ओलावली की मगच लागवड. पिशवी उभी चिरून पूर्ण काढावी. आमच्या पहिल्या वेळच्या काही रोपांच्या पिशव्या खड्ड्यातच राहिल्या होत्या. रिकाम्या पिशव्या गोळा करून रोपवाटिकेला परत द्याव्यात.

एक प्रश्न आमच्या बैठकीत गंभीरपणे निघाला. खड्ड्यात वाळवीसाठी कीटकनाशक भुकटी टाकण्याची सर्वत्र पद्धत आहे. झाड लावण्याच्या पुण्यकर्माची सुरुवातच जीवहिंसेने करावी काय, असे एका ज्येष्ठ श्रावकांनी विचारले. मालकांनी हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. त्यांनी सांगितले की कच्चे शेणखत वाळवीला आणि हुमणीला आमंत्रण देते, म्हणून खत पूर्ण मुरलेले असावे. मिश्रणात निंबोळी पेंड घालावी. पालापाचोळ्याचे आच्छादन बुंध्यापासून वीतभर दूर ठेवावे. आणि मुख्य म्हणजे रोपाला पाण्याचा ताण पडू देऊ नये, कारण वाळवी बहुतेक वेळा अर्धमेल्या रोपालाच धरते. आम्ही भुकटी टाकली नाही. यतना पाळायची तर आधी पाणी द्यायचे, हा त्यातून निघालेला अर्थ होता.

तीन उन्हाळे

पाण्याचा हिशेब आम्ही या खेपेस लागवडीपूर्वीच मांडला. रोपे ६० ऐवजी ४० घेतली, कारण ४० जगवण्याइतकीच आमची ऐपत होती. एका रोपाला एका वेळी २० लिटर, म्हणजे एका पाळीला ८०० लिटर. नोव्हेंबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत साधारण ३० आठवडे, दर आठवड्याला एक पाळी. एप्रिल-मेच्या ९ आठवड्यांत आणखी एकेक पाळी. एकूण ३९ पाळ्या, ३१,२०० लिटर. पाच हजार लिटरच्या टँकरचे हिशेबाने सहा-सात टँकर. हा आकडा मांडल्यावर सभेत शांतता पसरली. एवढेसे पाणी गेल्या वेळी आम्ही देऊ शकलो नव्हतो, हे सर्वांना उमगले.

मग निधीची वाटणी नव्याने केली. दात्यांकडून रोपासाठी देणगी न घेता 'एका वृक्षाच्या तीन उन्हाळ्यांसाठी' घेतली. पाटी लागवडीच्या दिवशी लावली नाही. तिसरा उन्हाळा पार केलेल्या झाडालाच पाटी मिळेल असे ठरवले. काहींना ते रुचले नाही, पण ज्या वृद्ध श्राविकांचा मी आरंभी उल्लेख केला, त्यांनीच सर्वप्रथम आपले नाव नोंदवले.

लागवड झाली त्याला येत्या चातुर्मासात दोन वर्षे होतील. चाळीसपैकी ३६ झाडे मूळची आहेत. चार गेली, त्यांच्या जागी पुन्हा लावली. करंज आणि जांभूळ माणसाहून उंच झाले आहेत. सीताअशोक अजून गुडघ्याच्या वर फारसा गेलेला नाही. त्याला पश्चिमेची सावली हवी होती, ती आम्ही उशिरा केली. तिसरा उन्हाळा अद्याप बाकी आहे, म्हणून जागेत आजही एकही पाटी नाही.

गेल्या जूनमध्ये मालकांचा निरोप आला होता. त्यांना जांभळाचे चांगले बी हवे होते आणि बाजारात ते ताजे मिळत नव्हते. पाठशाळेतील मुलांना सांगितले. आठवडाभर घरोघरी जांभळे खाल्ली गेली आणि बिया धुऊन पिशवीत जमा झाल्या. सहा पुरुष आणि जांभळाचे झाड ही लेश्यांची कथा मुलांनी पाठशाळेत ऐकलेली आहे. पहिला मुळापासून झाड तोडू पाहतो आणि सहावा खाली पडलेली फळे वेचून तृप्त होतो. एका मुलीने गुरुजींना विचारले, "फळं खाऊन सहाव्यानं बियांचं काय केलं?" गुरुजी हसले आणि त्यांनी तिच्याच हातात बियांची पिशवी दिली.

आम्ही ती चौथ्या दिवशी सोरतापवाडीला पोहोचवली. मालकांनी बिया आमच्यासमोरच पिशव्यांत टोचल्या. जांभळाच्या एका बियेतून कधी कधी दोन-तीन कोंब येतात; त्यांतला जोमदार एक ठेवून बाकीचे अलगद वेगळे करून लावता येतात, असे त्यांनी मुलांना दाखवून दिले. ती रोपे यंदाच्या पावसाळ्यात तयार होत आहेत. त्यांतील काही शेजारच्या गावच्या संघाने मागितली आहेत. त्यांनी विसार दिला आहे आणि खड्डे उन्हाळ्यातच घेतले आहेत.